पडवीतला सायकलखाना: खाऱ्या हवेत दुरुस्तीची जागा कशी मांडावी

गुरुजी, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या हाकेवर. घरात तीन सायकली: तुमची पुण्याहून आणलेली डिस्क ब्रेकची गिअरवाली, मुलीची २४ इंची आणि वडिलांची जुनी २८ची काळी सायकल. गिअरचं काम येणारा मिस्त्री जवळपास नाही. पुढची पडवी, मागची पडवी किंवा आवाराच्या कोपऱ्यातली पत्र्याची शेड, यांतली कुठलीही जागा घेता येईल. आठ-दहा हजारांत घरच्या घरी दुरुस्तीची सोय कशी करायची, आणि ऑनलाइन मिळतो तो पन्नास हत्यारांचा पेटीबंद सेट घेऊ का?

सेट घेऊ नका. का ते पुढे सांगतो. आधी जागेचं बोलू, कारण आपल्याकडे सायकल चालवून झिजते त्याहून जास्त नुसती उभी राहून खराब होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा. लोखंडावर मिठाचा न दिसणारा थर बसतो, मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, आणि हाताला कोरडी लागणारी सायकल खरं तर ओलीच असते. घाटावर लोक भिंतीला फळी ठोकून पाने रांगेने टांगतात, दिसायला झकास दिसतं. इथे तसे टांगलेत तर गणपतीपर्यंत लाल झालेले असतील.

पत्र्याची शेड पहिली बाद करा. पत्रा दिवसा तापतो, रात्री गार पडतो, आणि पहाटे आतल्या अंगाला घाम सुटून थेंब थेंब खाली पडतात. पाऊस नसतानाही सायकल भिजते. पुढची पडवी पश्चिमेला असेल तर तिथे वारा थेट येतो आणि आषाढातली झड पार भिंतीपर्यंत पोचते. राहिली मागची पडवी. बहुतेक घरांत ती वाऱ्याच्या आडोशाला असते, पण न्हाणीची चूलही तिथेच असते. साफसफाईला आपण डिझेल वापरणार, तेव्हा चुलीपासून निदान एक खण सोडून बसा, आणि डिझेलची चिंधी चुलीजवळच्या दोरीवर वाळत घालू नका.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरोघरी वारा वेगळा असतो. चार लोखंडी खिळे घ्या, काचकागदाने चकचकीत घासा, रॉकेलने किंवा साबणाने पुसून कोरडे करा आणि दोऱ्याने चार जागी टांगा: पुढच्या पडवीत, मागच्या पडवीत, शेडमध्ये आणि माजघरात. आठवड्याने चारही एकत्र आणून उजेडात बघा. कुठला खिळा आधी तांबूस झाला ते डोळ्यांना दिसेल. माजघरातला बहुधा सगळ्यात चांगला निघतो. यावरून एक गोष्ट ठरवून टाका: काम पडवीत, पण हत्यारांचा मुक्काम घरात.

पाने-पकडी ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. लोखंडी ट्रंक घेऊ नका, ती स्वतःच गंजते. आत शिवणाच्या मशीनच्या तेलात भिजवून पिळलेलं जुनं फ्लॅनेलचं फडकं अंथरा, वर हत्यारं, आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या बाजारात किलोवर मिळतात, रंग बदलणाऱ्या घ्या. रंग उतरला की आतले दाणे मंद आचेवर तव्यात परतायचे, पुन्हा कामाला येतात. काम झाल्यावर प्रत्येक पाना त्याच तेलकट फडक्याने पुसून डब्यात. हाताचा घामही खाराच असतो.

आता पडवीतली मांडणी. जमीन शेणाने सारवलेली असेल तर हातातून सुटलेला छर्रा (बेअरिंगची गोळी) कायमचा गेला म्हणून समजा, आणि कोब्यावर ग्रीसचे डाग पडले की घरच्यांची बोलणी. दोन्हीवर एकच उपाय: गावात कुठल्या तरी कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स मागून आणा आणि मागची पांढरी बाजू वर करून अंथरा. पांढऱ्यावर छर्रा, वॉशर, तारेचा तुकडा लगेच दिसतो, काम संपल्यावर पुसून गुंडाळून ठेवता येतो.

सायकल टांगायचा स्टँड विकत घ्यायची गरज नाही. डोक्यावर तुळई आहे ना? तिच्यावरून दोन दोऱ्या सोडा, खाली दोन आकडे. एक आकडा सीटच्या पुढच्या टोकाला, दुसरा हँडलच्या मधोमध स्टेमला. पॅडल तुमच्या बेंबीच्या उंचीला येईल इतकी वर ओढा. सायकल झुलते, म्हणून तिसरी दोरी पुढून खांबाला ताणून बांधा. दोरी सुंभाची नको, ती कातरते आणि कूस गळून ग्रीसमध्ये जाते. दाभोळ, हर्णै, मिरकरवाडा, कुठल्याही बंदरावर होडीच्या सामानाच्या दुकानात नायलॉनची दोरी आणि स्टेनलेसचे आकडे मिळतात. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा दुकानदाराला बोलायलाही वेळ असतो. त्याच दुकानात इंजिनाच्या शाफ्टसाठी पाण्याला दाद न देणारं ग्रीस मिळतं. अर्धा किलोचा डबा घेऊन ठेवा, सायकलीच्या नावाने मिळणाऱ्या छोट्या ट्यूबपेक्षा स्वस्त पडतो आणि आपल्या हवेत टिकतो.

भिंतीत खिळा-बोल्ट मारून काही टांगायचा बेत असेल तर जरा थांबा. घर चिऱ्याचं आहे. जांभा मऊ आणि भोकाळ, त्यात रावल प्लग फुगत नाही, भोवतीचा दगडच भुसभुशीत होतो. दोन खांबांना आडवी फळी बोल्टने आवळा आणि काय ठोकायचं ते त्या फळीवर.

ओटा म्हणजे टेबल. चार चार चिरे दोन्हीकडे रचून वर जाड फळी. ऐन किंवा किंजळीची मिळाली तर उत्तम, रायवळ आंब्याची फुकट मिळाली तरी घेऊ नका, भुंगा लागतो. फळीचा कुठलाही भाग जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी एका चातुर्मासात पोखरते. फळीच्या कडेला ४ इंची व्हाइस बसवा. खर्चाची वाटेल, पण एक्सल (चाकाचा आस) धरायला, फ्रीव्हील (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) सोडवायला, वाकलेलं सरळ करायला व्हाइससारखा दुसरा मदतनीस नाही. जबड्यात लाकडाच्या दोन पट्ट्या घाला म्हणजे आटे खराब होत नाहीत.

उजेडाला डोक्यावर बांधायची चार्जिंगची बॅटरी घ्या. वादळात लाइट जाते हे एक, आणि बल्ब कुठेही लावला तरी आपलीच सावली कामावर पडते हे दुसरं.

धुण्याची जागा वेगळी हवी, आणि इथे आपली कोकणातली घरं पागोळ्यांमुळे फायद्यात आहेत. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने सायकल धुणं म्हणजे मीठ धुवायला मीठच वापरणं. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावा, ते पाणी सायकलीसाठी राखून ठेवा. पुळणीवरून चालवून आलात तर त्याच संध्याकाळी दोन बादल्या पाणी वरून खाली सोडा. पाइपचा किंवा सर्व्हिसिंगच्या गनचा जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या नळीवर), बीबीवर (पॅडलच्या दांड्यांमधल्या आसावर) मारू नका, खारं पाणी आत ढकललं जातं. धुऊन झाली की दोनदा उचलून आपटा, सुक्या फडक्याने पुसा, अर्धा तास उन्हात किंवा वाऱ्यात ठेवा, मग चेनला तेल. समुद्राच्या पाण्यात चाकं बुडवून फोटो काढायची हौस असते बऱ्याच जणांना. एक्सलच्या वर पाणी गेलं तर त्या आठवड्यात हब उघडायचा, इतकं लक्षात ठेवा म्हणजे हौस आपोआप आवरते.

तेलाचं बोलायचं तर खोबरेल तेल चेनला घालू नका. घरात असतं म्हणून सगळे घालतात. २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं, वर जांभ्याची लाल धूळ धरून त्याचा लगदा होतो. गॅरेजमधलं काळं ऑइलही नको, त्यात धातूचा कीस असतो. डब्यातला स्प्रे पाणी हाकलायला आणि गंजलेला नट सैल करायला चांगला, पण वंगण म्हणून तो दोन दिवसही टिकत नाही. चेनसाठी दोन बाटल्या ठेवा: उन्हाळ्यात कोरडं, मेणाचं वंगण, पावसात ओलं. प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग बाहेरून चेन फडक्यात धरून कोरडी होईपर्यंत फिरवा. बाहेर तेल राहिलं की माती चिकटली.

आणि तुमच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, तेव्हा कुठलाही फवारा मारताना ते चाक काढून घरात ठेवा. डिस्कवर तेलाचा धूर बसला तरी ब्रेक पॅड गेले, आणि ते धुऊन परत येत नाहीत. ब्रेक तेलाचे असतील तर सायकल उलटी करून ठेवायची सवयही सोडा, लिव्हरमधली हवा नळीत शिरते. दोरीला सरळ टांगायला सांगितलं त्यामागे हेही कारण आहे.

आता हत्यारं. पन्नासच्या सेटमध्ये तीस तुमच्या सायकलींना लागतच नाहीत आणि जी लागतात ती मऊ लोखंडाची असतात. इथे बोल्ट गंजून धरलेले असतात. मऊ ॲलन की फिरली की बोल्टचं डोकं गोल होतं, आणि मग ड्रिल मारत बसा. म्हणून ॲलन कीचा एकच पण चांगल्या कंपनीचा सेट, २ ते ८. त्यात ४, ५, ६ रोजच्या. फिक्स पाने ८, ९, १० आणि १५. १५चा पाना पॅडलला आणि मागच्या चाकाच्या नटांना. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, दोन्हीकडे पॅडल सोडवताना पाना वर उभा धरून सायकलच्या मागच्या चाकाकडे फिरवायचा, असं धरून चाला. कोन (एक्सलवरचा, छर्रे दाबून धरणारा नट) आवळायचे पातळ पाने १३, १४, १५चे. चेन तोडायचं हत्यार, स्पोक की, टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, वायर कापायची चांगली कात्री (पकडीने कापली तर वायरचा फुलोरा होतो), आणि मीटरचा उभा पंप. पंपावर पैसे वाचवू नका. वडिलांच्या सायकलचा जुना व्हॉल्व्ह मीटरला खरं माप देत नाही, तिथे अंगठ्यानेच बघायचं.

फ्रीव्हील काढायचं हत्यार विकत घेण्याआधी मागचं चाक काढून बघा. दातेरी चकत्या हाताने मागे फिरवा. मधल्या हत्यार बसायच्या खाचाही चकत्यांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट, स्थिर राहिल्या तर आट्यांचं फ्रीव्हील. दोघांची हत्यारं दिसायला जुळी, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही, आणि कॅसेटला चेनचा तुकडा लावलेली दांडीही लागते. मुलीच्या सायकलला बहुधा एकच चकती असेल, तिच्या खाचा दोन की चार ते मोजून, फोटो काढून दुकानात दाखवा.

बाराइंची स्टीलची पट्टी मात्र आजच घ्या. तिन्ही सायकलींच्या चेनचा जोड अर्ध्या इंचाचाच असतो, त्यामुळे एकाच पट्टीने तिन्ही मोजता येतात. शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचाच्या रेघेवर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला, १/८ इंच गेला तर नव्या चेनबरोबर मागच्या चकत्याही बदलाव्या लागतील.

अगोटीला, म्हणजे मेअखेरीस, पावट्या-कुळथाचे डबे भरायची घाई चालू असते तेव्हा एक ओव्हरऑइलिंग (सगळं उघडून साफ करणं, नवं ग्रीस भरणं) उरकून घ्या, दुसरं नवरात्रानंतर. पहिल्यांदा वडिलांच्या सायकलचा मागचा हब उघडा, शिकायला तीच बरी. चाक काढून एक्सल व्हाइसमध्ये धरा, वरचा नट, वॉशर, कोन क्रमाने काढून फ्लेक्सवर त्याच ओळीत मांडा. खाली डब्याचं झाकण धरूनच एक्सल खेचा. ग्रीस कसं आहे ते बोटावर घेऊन बघा. काळपट असेल तर नुसतं जुनं झालेलं. दुधट असेल तर पाणी शिरलंय. विटकरी आणि कचकच लागणारं असेल तर छर्रे गेले. मागच्या हबमध्ये दर बाजूला १/४ इंची ९ छर्रे असतात, पुढच्यात ३/१६ इंची १०. जुने परत घालत बसू नका, पूर्ण संच नवा घाला, चार पैशांची वस्तू आहे. हबच्या टोकाच्या खोलगट वाटीत ग्रीस भरा, छर्रे त्यात एकेक रोवा, ते ग्रीसला धरून बसतात, मग चाक उलटं केलं तरी पडत नाहीत. कोन हाताने टेकेपर्यंत आवळा, पाव आटा मागे घ्या, कोन पातळ पान्याने धरून वरचा नट आवळा. आता एक्सल दोन बोटांत फिरवा. खरखर लागली तर घट्ट, कडेला हलवून टकटक झालं तर सैल. या दोन्हींच्या मधली जागा सापडायला पहिल्यांदा अर्धा तास जातो, जाऊ दे.

त्याच सायकलचा कॉटर, म्हणजे क्रँक (पॅडलची दांडी) आसावर घट्ट धरणारी पाचर, काढायचा असेल तर ती दोरीवरून खाली घ्या. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा दगडावर उभा करून टेकू द्या, म्हणजे ठोका छर्ऱ्यांवर जात नाही. नट कॉटरच्या टोकाशी सपाट होईल इतका सैल करा आणि मग हातोडीचा एकच जोराचा घाव. हळूहळू टकटक केलं की टोक पसरतं आणि कॉटर जागचा हलत नाही.

मुलीच्या सायकलबद्दल एक काळजी. फ्रेम लोखंडी आणि सीटचा पाइप ॲल्युमिनियमचा असेल, आणि मध्ये खारी ओल शिरली, तर दोन धातूंच्या भांडणात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी फुगते आणि पाइप असा धरतो की पुढच्या वर्षी मुलगी उंच झाली तरी सीट वर येत नाही. पाइप पूर्ण बाहेर काढा, आत-बाहेर पुसा, होडीचं ग्रीस लावून परत घाला. दर तीन महिन्यांनी. हँडलच्या स्टेमचं, पॅडलच्या आट्यांचंही तसंच. गंजलेले मडगार्ड-कॅरिअरचे स्क्रू काढून स्टेनलेसचे घाला, पण स्टेम, सीट नि ब्रेकचे बोल्ट मूळच्याच प्रतीचे ठेवा, स्टेनलेस तिथे कमी ताकदीचं पडतं. सायकल पावसाळाभर टांगून ठेवायची असेल तर उघड्या पाइपांची तोंडं चिंधीने बंद करा, कुंभारमाश्या मातीची घरं बांधतात.

वापरलेलं डिझेल माडाच्या आळ्यात ओतू नका आणि विहिरीच्या बाजूला तर नाहीच. बाटलीत भरून आठवडाभर स्थिर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पुन्हा वापरता येतं.

सुटे भाग गावात मिळत नाहीत तेव्हा थोडे घरात हवेत: प्रत्येक मापाची एक ट्यूब, ब्रेक आणि गिअरच्या स्टेनलेस वायरी, ब्रेकचे रबर, तुमच्या सायकलचे डिस्कचे पॅड, चेनचा जोडायचा क्विक लिंक, वडिलांच्या सायकलसाठी वॉलट्यूबचा (व्हॉल्व्हवर चढवायच्या रबरी नळीचा) हातभर तुकडा. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, म्हणून छोट्या दोन घ्या. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे मागचा गिअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या कानाला लटकतो तो कान, म्हणजे हँगर. सायकल उजवीकडे आडवी पडली की तो वाकतो किंवा तुटतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. कंपनीकडून आताच एक मागवून डब्यात टाका.

घरी करू नका अशी कामं थोडीच आहेत. तेलाच्या ब्रेकमधली हवा काढणं, दाबून बसवायचे हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) नि बीबी, आणि फ्रेमला तडा. चाकाचा आऊट (फिरताना डगमगणं) घरी काढता येईल. निपलच्या (स्पोकच्या टोकाच्या नटाच्या) मुळाशी आदल्या रात्री तेलाचा थेंब सोडा, एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवू नका. पण रिमला खड्ड्याची चेप असेल तर हात लावू नका. अशा वेळी अख्खी सायकल नेण्याऐवजी सुटं चाक एसटीत मांडीवर घेऊन चिपळूणला जा, टायर-ट्यूब काढून, आणि डिस्क असेल तर तिला कागद गुंडाळून.

खरेदी एकदम नको. पहिल्या महिन्यात पंप, ॲलन की, पाने, पट्टी, तेल, ग्रीस, दोरी. व्हाइस आणि कोनचे पाने अगोटीच्या आधी. फ्रीव्हील-कॅसेटचं हत्यार आणि क्रँक काढायचा पुलर प्रत्यक्ष काम निघेल तेव्हा. पुलर वापरताना तो क्रँकच्या आट्यांत हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, मगच दांडीला जोर द्या. अर्धवट आटे धरलेला पुलर ओढला तर क्रँकचे आटे सोलून निघतात आणि मग तो क्रँक काढणं फार अवघड होऊन बसतं.